दोष इंजिनाचा नव्हता, मोटारींच्या आणि केबिनच्या हिशोबाचा होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळपास पूर्ण होत आले असल्याने डिझेल इंजिने एकेक करून बाजूला काढली जात आहेत. त्या निमित्ताने छापून येणाऱ्या मजकुरात एक विधान पुन्हा पुन्हा दिसते: अमेरिकेहून तंत्रज्ञान आणून बांधलेली ईएमडी (जनरल मोटर्सचा तेव्हाचा रेल्वे-इंजिन विभाग) जातीची इंजिने आपल्या हवेला मानवली नाहीत, प्रवासी गाड्यांचे डब्ल्यूडीपी 4 हा त्याचा पुरावा. डब्ल्यूडीपी 4 च्या कारकिर्दीत अडचणी आल्या हे खरे आहे. पण त्यांचे खापर इंजिनावर, म्हणजे आतल्या डिझेल यंत्रावर, फोडणे चूक आहे, आणि ही चूक आज महागात पडू शकते. कोणती डिझेल इंजिने राखीव ठेवायची आणि कोणती मोडीत काढायची हे ठरवण्याची वेळ नेमकी आता आली आहे.

आधी वंशावळ. भारतीय रेल्वेने 1995 मध्ये जनरल मोटर्सशी तंत्रज्ञान हस्तांतरणाचा करार केला. त्यातून 1999 मध्ये मालगाड्यांसाठी डब्ल्यूडीजी 4 आले आणि 2001 मध्ये प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूडीपी 4. पुढे दोन्ही वाराणसीच्या कारखान्यात बांधली जाऊ लागली. दोन्हींच्या पोटात एकच यंत्र आहे: 16 सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, 710 मालिकेचे, 4000 अश्वशक्तीचे डिझेल. डिझेलच्या जोरावर वीज बनवणारा अल्टरनेटर, त्या विजेची वारंवारिता बदलणारा इन्व्हर्टर आणि चाके फिरवणाऱ्या एसी ट्रॅक्शन मोटारी ही साखळीही तीच. डब्ल्यूडीजी 4 ने हुबळीकडच्या घाटातून खनिजाच्या आणि कोळशाच्या गाड्या वर्षानुवर्षे ओढल्या आणि त्याच्याबद्दल कोणी ‘मानवले नाही’ म्हटले नाही. तेच यंत्र प्रवासी गाडीला जोडल्यावर बदनाम होत असेल, तर कारण यंत्राबाहेर शोधायला हवे.

पहिले कारण चाकांपाशी आहे. डब्ल्यूडीजी 4 ला सहा अ‍ॅक्सल (चाकांची जोडी धरणारे दांडे) आणि सहा मोटारी आहेत. डब्ल्यूडीपी 4 ला अ‍ॅक्सल सहाच, पण मोटारी चार. प्रत्येक बोगीतला (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) आतला, म्हणजे इंजिनाच्या मध्याकडचा अ‍ॅक्सल बिनमोटारीचा ठेवला. त्यामुळे वजन कमी झाले, अ‍ॅक्सलवरचा भार 20 टनांच्या आत राहिला आणि 160 किलोमीटर वेगाचा आराखडा साधला. कागदावर यात काही चुकीचे नव्हते. साधारण 35 ते 40 किलोमीटर वेगाच्या पुढे ओढ चाकांच्या पकडीवर नव्हे, तर डिझेलच्या ताकदीवर ठरते, आणि ती सगळी ताकद चार मोटारी आरामात पेलतात. राजधानीसारखी, फार न थांबणारी गाडी सपाटीवर धावायची असेल तर चार मोटारी पुरतात.

प्रत्यक्षात मिळाल्या त्या 22-24 डब्यांच्या, वीस-पंचवीस थांब्यांच्या एक्स्प्रेस, आणि बहुतेक मार्गांवर वेगमर्यादा 110 च्या आसपास. 160 चा आराखडा वापरायला रूळच नव्हते. उलट शून्यापासून 35 पर्यंतचा टप्पा, जिथे चार मोटारी कमी पडतात, तो रोज वीस-पंचवीस वेळा वाट्याला आला.

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होते. 24 डब्यांची भरलेली गाडी सुमारे 1300 टन, इंजिन धरून 1400 च्या पुढे. 100 ला 1 चढावर दर टनामागे 10 किलो ओढ फक्त चढासाठी लागते, म्हणजे 14 टन. थांबलेली गाडी हलवताना बेअरिंग आणि डब्यांचा अवरोध दर टनामागे पाचेक किलो धरला तरी आणखी 7 टन. झाले 21. वळण असेल तर थोडे वाढेल. डब्ल्यूडीपी 4 ची सुरुवातीची कमाल ओढ सुमारे 27 टन आहे, म्हणजे कोरड्या रुळावर गाडी निघते. आता पाऊस पडला, रुळावर पाला किंवा तेलाचा थर आला की चाकाची पकड वजनाच्या विसेक टक्क्यांवर येते. चार अ‍ॅक्सलवर जेमतेम 80 टन वजन, त्याचे वीस टक्के म्हणजे 16 टन. हवेत 21, मिळतात 16. चाक घसरणारच. याच परिस्थितीत सहाही अ‍ॅक्सलला मोटार असती तर 120 टनांवर 24 टन मिळाले असते आणि गाडी सावकाश का होईना, निघाली असती. डिझेलमध्ये 4000 अश्वशक्ती तशीच पडून असते. ती रुळापर्यंत पोचत नाही.

पुणे-मिरज मार्गावरचे शिंदवणे-आंबळे आणि आदर्कीचे चढ ज्यांना माहीत आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही. चढावर, वळणात सिग्नलला गाडी उभी राहिली, वर जुलैची रिपरिप, की लोको पायलटला पहिल्या दुसऱ्या नॉचवर (ताकद कमी-जास्त करण्याच्या पायरीवर) खेळत, सँडर (रुळावर वाळू टाकणारे साधन) दाबत, एकेक हात पुढे सरकावे लागे. वाळू ओली असली किंवा सँडरचा पाइप चाकाच्या टोकापासून सरकलेला असला तर तेही नाही. सँडरचा पाइप ही शेडमधली फार दुर्लक्षित वस्तू आहे. तो रुळाच्या माथ्यावर, चाक आणि रूळ जिथे टेकतात तिथे वाळू टाकेल असाच असायला हवा. चार बोटे बाजूला गेला तर वाळू खडीत जाते आणि चाक तसेच घसरत राहते.

घसरणे वाढण्यामागे आणखी दोन बारकावे आहेत, जे बाहेर फारसे बोलले जात नाहीत. ओढ लागली की इंजिनाचे वजन मागे सरकते आणि सर्वांत पुढचा अ‍ॅक्सल हलका होतो. डब्ल्यूडीपी 4 मध्ये तो पुढचा अ‍ॅक्सल मोटारीचा आणि जड राहणारा आतला अ‍ॅक्सल बिनमोटारीचा, म्हणजे वजन जिथे आहे तिथे मोटार नाही. दुसरे असे की यातले नियंत्रण बोगीवार आहे. एका बोगीच्या मोटारी एकाच इन्व्हर्टरवर समांतर चालतात. पुढचे चाक घसरले की संगणक पूर्ण बोगीची ओढ कमी करतो, म्हणजे न घसरलेल्या मोटारीचीही. सहा मोटारींच्या इंजिनात ही झळ विभागली जाते, चारमध्ये ती लगेच जाणवते. इन्व्हर्टरच बंद पडला तर अर्धे इंजिन गेले आणि उरलेल्या दोन मोटारींवर भरलेली एक्स्प्रेस चढावर हलवणे अशक्य.

याच बोगीवार नियंत्रणामुळे चाकांच्या व्यासाला महत्त्व येते. समांतर मोटारींना एकच वारंवारिता मिळते. ज्या चाकाचा व्यास जास्त, त्याची मोटार त्याच वेगाला किंचित सावकाश फिरते आणि जास्त भार उचलते. लहान चाकाची मोटार त्या मानाने मोकळी राहते. जास्त भार उचलणारी मोटार तापते आणि तिचेच चाक आधी घसरते. म्हणून पिट व्हील लेथवर, म्हणजे चाके कापून मापात आणणाऱ्या यंत्रावर, एक अ‍ॅक्सल कापला की त्याच बोगीतला दुसरा मोटारीचा अ‍ॅक्सलही मापात आणावा लागतो. डीसी मोटारींच्या जुन्या एल्को (ईएमडीआधीची अमेरिकन जात) इंजिनांवर हात बसलेल्या शेडमध्ये ही सवय रुजायला वेळ गेला.

उतारावरही चार मोटारींचा तोटाच. डायनॅमिक ब्रेक मोटारींतून मिळतो. मोटारी कमी म्हणजे ब्रेकही कमी, आणि उरलेले काम डब्यांच्या ब्रेक ब्लॉकवर. ब्लॉक झिजतात, चाके तापतात, पण या खर्चाची नोंद कधी इंजिनाच्या नावावर होत नाही.

हे सगळे दुरुस्त झाले नाही असे नाही. 2010 च्या सुमारास डब्ल्यूडीपी 4बी आले. सहा मोटारी, 4500 अश्वशक्ती, सुरुवातीची ओढ सुमारे 40 टन. डिझेल त्याच 710 मालिकेचे. चाके घसरण्याची ओरड जवळजवळ थांबली. इंजिन सदोष असते तर दोन मोटारी वाढवून ते सुधारले नसते.

दुसरे कारण केबिनचे, आणि ते अधिक गंभीर आहे, कारण पहिल्यात वेळ जात होता, यात जीव अडकलेला आहे. अमेरिकेत मालगाड्या दोन-तीन इंजिने पाठीला पाठ लावून चालवतात किंवा रुळांच्या त्रिकोणावर इंजिनाचे तोंड फिरवून घेतात. त्यामुळे एका टोकाला केबिन असलेले इंजिन तिथे चालते. आपल्याकडे प्रवासी गाडीला एकच इंजिन. टर्मिनसला ते सुटून दुसऱ्या टोकाला लागते. कोल्हापूरला येताना शॉर्ट हूड (केबिनपुढचे आखूड नाक) पुढे असेल तर परतताना लाँग हूड (डिझेल झाकणारा लांब भाग) पुढे. वाफेच्या काळातले टर्नटेबल (इंजिन फिरवायची गोल चकती) आणि त्रिकोण बहुतेक ठिकाणी उखडले गेले होते. दोन्ही दिशांना चालवता यावे म्हणून केबिनमध्ये दोन कंट्रोल स्टँड दिले, पण नियंत्रण मिळाले तरी समोरचे दिसेलच असे नाही.

जुने एल्को जातीचे डब्ल्यूडीएम 2 सुद्धा लाँग हूड पुढे करून चालत असे, मग आताच तक्रार का, असा प्रश्न येतो. डब्ल्यूडीएम 2 ची लांबी सुमारे 17 मीटर आहे. ईएमडी 20 मीटरांहून लांब, हूड रुंद, टोकाला रेडिएटरचा फुगवटा आणि वर डायनॅमिक ब्रेकची पेटी. लाँग हूड पुढे असताना डावीकडे बसलेल्या लोको पायलटला हूडच्या डाव्या कडेची एक चिंचोळी पट्टी दिसते. उजवीकडच्या वळणावर तीही हूडमागे जाते. पुढचा सिग्नल, फाटक, रुळावरचा माणूस, सगळे असिस्टंटच्या डोळ्यांनी पाहायचे आणि त्याच्या पुकाऱ्यावर विसंबायचे. गाडी 110 च्या वेगाने सेकंदाला 30 मीटर कापते. पुकारा ऐकून, खातरी करून, ब्रेकच्या मुठीवर हात जाईपर्यंत दोन सेकंद धरले तर 60 मीटर ब्रेक लागण्याआधीच गेले. असिस्टंटला त्याच वेळी मागची गाडी पाहायची असते, हूडच्या दारातून येणारा आवाज आणि वास टिपायचा असतो. रात्री हेडलाइटचा झोत हूडच्या कडेवर आणि पावसाच्या थेंबांवर पडून परत येतो. हेच काम तासन्‌तास, मान वाकडी करून.

धुराचा मुद्दा वेगळा. या जातीत टर्बो (सिलिंडरमध्ये हवा कोंबणारे यंत्र) आणि धुराड्याचे तोंड हूडच्या केबिनकडच्या बाजूला आहे, रेडिएटर दूरच्या टोकाला. लाँग हूड पुढे असेल तर धूर केबिनवर येतो. कोकण रेल्वेवर 91 बोगदे आहेत, त्यातला करबुडे साडेसहा किलोमीटरचा. तिथे हा धूर केबिनमध्ये साचतो. शॉर्ट हूड पुढे असेल तर केबिन स्वच्छ, पण बोगद्यात धुराची गरम हवा मागच्या रेडिएटरमध्ये ओढली जाते, पाणी तापते आणि पडद्यावर ‘हॉट इंजिन’चा इशारा येऊन ताकद सहाव्या नॉचपुरती मर्यादित होते. चालकाला वाटते इंजिन आजारी आहे. ते स्वतःला वाचवत असते. बोगदा संपून पाणी निवले की ताकद परत येते. असा इशारा ‘फेल्युअर’ म्हणून नोंदवून इंजिन बदलायला लावणे चूक आहे. उघड्यावरही तो वारंवार येत असेल तर मात्र रेडिएटरच्या जाळ्या, कूलिंग फॅन आणि पाण्याची पातळी तपासायला हवी.

केबिनच्या दोषावरचा खरा उपाय उशिरा आला: दोन्ही टोकांना केबिन असलेले डब्ल्यूडीपी 4डी. मालगाडीसाठी डब्ल्यूडीजी 4डी. हे आधी करता आले असते का? निश्चित. आपल्याकडे गाड्या टर्मिनसला उलटतात ही गोष्ट 1995 मध्येही ठाऊक होती, आणि दोन केबिनची विजेवर चालणारी इंजिने डोळ्यांसमोर धावत होती. तयार आराखडा उचलताना रोजच्या कामाची पद्धत विचारात घेतली गेली नाही, हा माझ्या मते या जातीच्या इतिहासातला मूळ दोष आहे.

यंत्रात काहीच दोष नव्हते असा माझा दावा नाही. पण बरेचसे बिघाड एल्कोच्या सवयी ईएमडीवर चालवल्याने झाले. सर्वांत ठळक उदाहरण टर्बोचे. इंजिन बंद केल्यावर टर्बोचे बेअरिंग लालभडक गरम असते. ते निववण्यासाठी एक छोटा विजेचा पंप, ज्याला सोक-बॅक पंप म्हणतात, बंद झाल्यानंतरही अर्धा तासाहून थोडा अधिक काळ तेल फिरवत राहतो. हा पंप बॅटरीवर चालतो. एल्कोत इंजिन बंद केले की लगेच बॅटरी नाइफ स्विच (बॅटरी तोडणारा खटका) उघडण्याची रीत होती. ईएमडीत तसे केले की पंप थांबतो, बेअरिंगमधले तेल जळून कोळसा होते आणि पुढच्या फेरीत टर्बो बसतो. टर्बो काढून उघडला की जळकट काळा थर दिसतो आणि शेरा पडतो, ‘टर्बो निकृष्ट’. नाइफ स्विच उघडण्याआधी 40 मिनिटे थांबणे एवढाच यावर उपाय आहे.

या टर्बोचा आणखी एक विशेष म्हणजे कमी नॉचवर तो इंजिनाच्या गिअरने फिरतो आणि जास्त नॉचवर धुराच्या जोरावर. टू-स्ट्रोक असल्याने सिलिंडर धुवून काढायला सुरुवातीपासून हवा लागतेच. दोन्हींच्या मधला क्लच घसरू लागला की खालच्या नॉचला काळा धूर येतो आणि वर चढल्यावर तो साफ होतो. असा धूर दिसला की इंजेक्टर बदलत बसू नये, आधी क्लच पाहावा.

क्रँककेसचा, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या बंद पेटीतला, दाबही असाच गैरसमजाचा विषय. ईएमडीत क्रँककेसमध्ये किंचित निर्वात असायला हवा. धुराच्या वाटेवरचा एज्युक्टर तो राखतो. निर्वात जाऊन दाब आला की डिटेक्टर इंजिन बंद करतो. कारण साधे असू शकते, एज्युक्टरची जाळी तुंबलेली. किंवा भयंकर, म्हणजे पिस्टन तडकलेला, रिंग तुटलेल्या. बाहेरून फरक कळत नाही. म्हणून बटण दाबून पुन्हा सुरू करायचे नाही, आणि निदान दोन तास क्रँककेसची झाकणे उघडायची नाहीत. आतल्या तेलाच्या वाफेला बाहेरची हवा मिळाली की स्फोट होऊ शकतो.

उरले आताचे काम. आपत्ती, वीजवाहिनी तुटणे आणि सीमेलगतच्या गरजा यांसाठी काही डिझेल इंजिने राखीव राहणार हे उघड आहे. निवड वयावरून किंवा रंगावरून करू नये. चार मोटारींची मूळ डब्ल्यूडीपी 4 आधी काढावीत. त्यांची पॉवर असेंब्ली, म्हणजे हेड, लायनर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचा एकत्र निघणारा संच, तसेच टर्बो आणि इंजेक्टर, डब्ल्यूडीजी 4 ला बसतात. ते उतरवून, तपासून, तेल लावून ठेवावेत. भंगारात टनाच्या भावाने जाऊ नयेत. राखीव ताफ्यात दोन केबिनची 4डी पहिली, आणि 4बी ठेवायचीच तर एकटी न ठेवता लाँग हूडला लाँग हूड जोडून जोडीने. मग कोणत्याही दिशेला शॉर्ट हूडच पुढे राहते.

राखीव म्हणजे साइडिंगला लावून विसरलेले नव्हे. उभ्या इंजिनाच्या रोलर बेअरिंगमध्ये एकाच जागी खड्डे पडतात, डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी साचते, हेडची सील सुकून पाणी सिलिंडरमध्ये उतरते. म्हणून दर महिन्याला इंजिन थोडे तरी पुढे-मागे हलवावे, टाकीचा तळ निचरा करावा, बॅटरी चार्ज करावी. सुरू करण्यापूर्वी सर्व सिलिंडरचे टेस्ट व्हॉल्व्ह उघडून क्रँकशाफ्ट हाताने एक पूर्ण फेरा फिरवावा. टू-स्ट्रोक असल्याने एक फेरा पुरतो. एखाद्या व्हॉल्व्हमधून पाणी उडाले तर ते सिलिंडर उघडेपर्यंत स्टार्टरला हात लावू नये. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सुरू झाल्यावर पाण्याचे तापमान नेहमीच्या पातळीला येईपर्यंत चालवावे. पाच मिनिटे घुरघुरवून बंद केले तर ओल वाढते. जोडीतल्या इंजिनांची 27 पिनांची एमयू जंपर केबल (दोन्ही इंजिने एकाच केबिनमधून चालवण्यासाठीची) लावून मागच्या इंजिनाला प्रत्येक नॉच, डायनॅमिक ब्रेक आणि सँडरचा हुकूम पोचतो का, हे त्याच वेळी तपासावे. पिना हिरव्या पडल्या की नॉच पोचतो पण सँडर पोचत नाही, आणि हे चढावर गाडी अडकल्यावरच लक्षात येते.

ही तपासणी कोणत्या शेडमध्ये, किती इंजिनांची, कोणत्या तारखेला झाली याची नोंद रेल्वेने दर तिमाहीला जाहीर करावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करत आहे.

आपला नम्र,
एक वाचक